मागची मंडळी

फोटोकाकांनी चाळीस वर्षं शाळांचे वर्गफोटो काढले. मग काकू गेल्या, दुकान बंद झालं, घर खायला उठलं, आणि काका दर रविवारी सकाळी डोंगर चढू लागले. अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक होता. दमलेले लोक तिथे टेकायचे. काका त्यांचा फोटो काढायचे आणि पुढच्या रविवारी पायथ्याच्या फळ्यावर लावायचे. आपला चेहरा शोधता शोधता लोक दुसऱ्यांचे चेहरेही ओळखू लागले. वर्षभरात अनोळखी माणसं एकमेकांची वाट बघायला लागली. काकांना याचं भारी अप्रूप होतं.

एकदा फोटो कापताना त्यांच्या लक्षात आलं, की खडकावरचं कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्यांच्या नजरा काकांच्या डाव्या खांद्यामागे, आणि सगळे मनापासून हसताहेत. फळ्यापाशी काढलेल्या फोटोंत मात्र नजरा सरळ होत्या.

डाव्या खांद्यामागे काकू उभ्या राहायच्या. काका "हलू नका रे" म्हणून ओरडायचे आणि त्या मागून वेडीवाकडी तोंडं करून अख्खा वर्ग हसवायच्या.

काका असल्या गोष्टी मानणारे नव्हते. ऊन डोळ्यांवर येत असेल म्हणून त्यांनी वेळ बदलून पाहिली, खडकाच्या दुसऱ्या अंगाला उभे राहून पाहिलं. नजरा तिकडेही खांद्यामागेच. शेवटी दर रविवारी भेटणाऱ्या नर्सबाईंना त्यांनी फोटो दाखवला. "तुम्ही कुठे बघत होतात हो?"

"तुमच्या मागे," त्या सहज म्हणाल्या. "तुमची मंडळी हसवत होती ना आम्हाला!"

काकांनी फोटो खिशात घातला. लग्न झाल्यापासून ते चारचौघांत काकूंची ओळख करून द्यायचे, ती याच शब्दात. "ही आमची मंडळी." घरी आल्यावर ते पोटभर रडले. पुढचा रविवार उजाडला तेव्हा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. खडकापाशी मागे वळून मात्र बघायचे नाहीत. वळलो आणि ती निघून गेली तर?

फक्त एक गोष्ट खुपत होती. नव्या फोटोंत नजरा पांगल्या होत्या. चौघं बसले असले तर चौघं चारीकडे बघत होते, आणि आता हसत कुणी नव्हतं.

या रविवारी नर्सबाई खडकावर एकट्याच होत्या. काकांनी कॅमेरा खाली घेतला.

"कशी दिसतेय आमची मंडळी?"

"कुणाकुणाचं सांगू, काका? आधी पाचसहा जण असायचे. हल्ली वाटेवर पाय ठेवायला जागा नसते."

काका गर्रकन वळले.

वाळलेलं गवत. उतार. ऊन.

"त्यांत... एक ठेंगणी बाई आहे का? जाड चष्म्याची?"

"मला काय विचारता? माणसं तुमची!" नर्सबाई हसल्या आणि काकांच्या खांद्यावरून मोठ्याने म्हणाल्या, "काय हो, तुमच्यात जाड चष्म्याच्या ठेंगण्या बाई आहेत का कुणी?"

मग त्या डावीकडून उजवीकडे बघत गेल्या. बराच वेळ लागला.

"नाही म्हणतायत," त्या म्हणाल्या. "पण त्या कुठे भेटतील, विचारतायत."