कट म्हणायचं राहिलं

मला एक मिनिटाची शांतता आणायला पाठवलं होतं. कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवावं, इतक्या सहज.

"जा, घेऊन ये," स्टुडिओच्या मॅडम म्हणाल्या. "आणि येताना काळी चिकटपट्टी आण. रुंदवाली."

आमच्या धंद्याबाहेरची माणसं हे ऐकून हसतात, म्हणून आधीच सांगते. जाहिरातीत दोन वाक्यांच्या मधे जी मोकळी जागा असते, तिथं नुसता आवाज बंद करून भागत नाही. केला, तर ऐकणाऱ्याला कानात बोळा घातल्यासारखं होतं. प्रत्येक खोलीला तिची तिची शांतता असते. पंख्याची, भिंतींची, लांबच्या रस्त्याची. म्हणून शूटिंग संपलं की सगळ्यांना होते तिथं उभं करतात आणि त्या खोलीची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करतात. मग एडिटर ती फटींमधून भरतो, भिंतीच्या भेगांत लांबी भरतात तशी.

बिल्डरच्या जाहिरातीच्या वेळी ती घ्यायचीच राहिली. आमचे साउंडवाले काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते आणि बदली आलेल्या माणसाला घरी पळायची घाई. म्हणून मी.

त्या स्टुडिओत मला तेव्हा दोन महिने झाले होते. त्याआधी मी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापायची. कापता कापता माझंही झालं. ते मात्र कोणी नीट कापलं नाही, अडीच तासांचं आहे. नवरा जहाजावर इंजिनियर. लग्नानंतर सतराव्या दिवशी तो गेला, नऊ महिन्यांसाठी. नवं शहर, भाड्याचं घर, मी एकटी. सासूबाईंशी माझा तह झाला होता: तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली तर इथं राहायचं, नाही तर तो परतेपर्यंत त्यांच्याकडे. सासूबाई स्वभावानं वाईट नाहीत. पण त्यांच्याकडे एकदा गेले की मी पुन्हा एडिटिंगच्या टेबलाशी बसणार नाही, हे त्यांना आणि मला, दोघींनाही ठाऊक होतं.

आणि ही पहिली जाहिरात, जी मी एकटीनं कापत होते. बिल्डरनं ती दोनदा परत पाठवली होती. दोन्ही वेळा एकच शेरा: घर मेलेलं वाटतंय.

निघताना काकांना फोन केला.

"सोपं आहे गं," ते म्हणाले. "आधी खोलीचं नाव मोठ्यानं सांगायचं. मग एक मिनिट हलायचं नाही. आणि शेवटी मोठ्यानं 'कट' म्हणायचं."

"एकटीच असले तरी?"

"एकटीच असलीस तरी. कट म्हटल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. कट झालं की माणसं सुटतात, घरी जातात."

"आमच्याकडे नाही जात," मी म्हटलं. "आमच्याकडे कट झालं की मॅडम म्हणतात, अजून एक घेऊ."

काका हसले. ते वाक्य ऑफिसात इतकं चालायचं, की चहा संपला तरी कोणीतरी तेच म्हणायचं.

साइटवर भर दुपारी पोचले. सॅम्पल फ्लॅट म्हणजे पत्र्याच्या शेडमधे उभं केलेलं खोटं घर, गिऱ्हाइकांना दाखवायला. वॉचमननं किल्ली दिली आणि स्वतः बाहेरच थांबला.

"तुम्ही नाही येत?"

"मी कशाला? आत काय आहे?" तो म्हणाला, आणि खुर्ची उचलून दारापासून जरा लांब नेऊन बसला.

आत खरंच काही नव्हतं. कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी होत्या, पानं नव्हती. टीव्ही पुठ्ठ्याचा. नळ फिरवला तर तो नुसताच फिरत राहिला. खिडकीबाहेर आकाश होतं, ते छापलेलं. नव्या रंगाचा वास येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, दिवसभर अंगावर वागवलेल्या सुती कपड्यांचा. शूटिंगच्या माणसांचा राहिला असेल, असं मी स्वतःला समजावलं. शूटिंगला बारा दिवस झाले होते.

रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "हॉल," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. मग हात पोटाशी धरून उभी राहिले.

एक मिनिट ही फार मोठी गोष्ट असते. पंधरा सेकंदांनी पत्रा तापल्याचा आवाज यायचा थांबला. तीस सेकंदांनी मला वाटायला लागलं, मी एकटी उभी नाही. भीती नव्हती ती. रांगेत मागे कोणी येऊन उभं राहिलं की वळून न बघताही कळतं ना, तसं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला गुडघा वाजला. बारीक. उभं राहून अवघडलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं, तसा.

माझाच असणार.

मिनिट झालं. 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. रिकाम्या खोलीला काय हुकूम सोडायचा! आणि... खरं सांगू? मला वाटलं, कोणी ऐकेल. मी गुपचूप बटण दाबलं, दार ओढलं आणि चिकटपट्टी घेऊन परत आले.

ती शांतता जाहिरातीत भरली. बिल्डर स्टुडिओत आला, काळ्या पडद्याच्या खोलीत बसून त्यानं पाहिलं आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"काय केलंत?" मग म्हणाला. "आता कोणी राहतंय असं वाटतंय तिथं."

नोकरी पक्की झाली. सासूबाईंना फोन केला.

"म्हणजे आता दुसऱ्यांचीच घरं सजवणार म्हणा," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "जेवतेस ना वेळेवर?"

"हो."

"एकटीच?"

"दुसरं कोण असणार, आई?"

त्यानंतर गाद्यांची जाहिरात आली, मग विम्याची, मग गिझरची. प्रत्येकीत मी तेच मिनिट भरलं. नियमानं ज्या त्या खोलीची शांतता घ्यायला हवी, पण ज्या फटीत मी ही भरायची ती फट ऊबदार व्हायची. मॅडम मला 'ऊबवाली' म्हणू लागल्या. चार महिन्यांत मी असिस्टंटची एडिटर झाले. माझ्या खुर्चीला हात टेकायला जागा आली. आमच्या धंद्यात यालाच बढती म्हणतात.

घरी मात्र बोलायला कोणी नव्हतं. दोन खोल्या, एक ताट, एक कप धुवून पालथा. सुट्टीच्या दिवशी मी घरीच पडदे ओढून काम करायची. एके दुपारी जेवताना ते मिनिट लावून ठेवलं. संपलं की पुन्हा सुरू, संपलं की पुन्हा सुरू. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घरात कोणीतरी असल्यासारखं. मला बरं वाटलं. मग रोजच लावू लागले. कधीकधी मी बोलायचीही. मीठ जास्त पडलंय, वगैरे.

नवऱ्याचा फोन आला, समुद्रावरून, तुटत तुटत.

"कोण आलंय गं?"

"कोणी नाही."

"नाही... खोली भरलेली वाटतेय. आई आहे का तिथं?"

"नाही रे. मी जेवतेय."

"बरं," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचा आवाज एकदम खाली आला. "बरं. जेव तू."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मिनिट मी सकाळपासून लावलंच नव्हतं.

त्या दिवशी मी हेडफोन घालून ते नीट ऐकलं. गुडघा एक्केचाळिसाव्या सेकंदाला वाजला नाही, तेविसाव्याला वाजला. मग छत्तिसाव्याला. मग पन्नासाव्याला. रेकॉर्ड केलेला आवाज बदलत नाही. लग्नाचा व्हिडिओ कितीदाही लावा, नवरीचं उत्तर बदलत नाही. पण आठवडाभर रोज ऐकलं, आणि रोज पाय जास्त वेळा बदलले जात होते. शेवटी शेवटी तर एक उसासाही होता, दाबून धरलेला.

काका दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उरकून, जाड चष्मा लावून कामावर परत आले. मी दार लावून घेतलं आणि त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं मिनिट ऐकलं. मग हेडफोन काढून, हळूच, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावा तसा टेबलावर ठेवला.

"शेवटी कट म्हणालीस?"

मी मान खाली घातली.

"मग ते अजून उभंच आहे, बाळ."

"कोण, काका?"

"ते मला काय माहीत... जे होतं ते. तू खोलीचं नाव घेतलंस, ते हललं नाही. किती महिने झाले?"

"चार."

"चार महिने," काका म्हणाले. "आणि तू त्याला सगळीकडे उभं केलंस. गाद्यांत, गिझरात... जा. त्याच खोलीत जाऊन म्हण. आजच."

मी त्याच दिवशी गेले नाही. बिल्डरचं वर्षभराचं काम ठरत होतं, सहा जाहिराती, आणि मॅडमनी बजावलं होतं, "ती ऊब नसेल तर तो दुसरीकडे जाईल, आणि मग तुझ्या खुर्चीचे हातसुद्धा जातील." आणखी एक कारण होतं, ते मी काकांना सांगितलं नाही. घरी गेल्यावर हल्ली मी चपला काढता काढता म्हणायची, "आले गं मी."

बारा दिवसांनी गेले. शेडमधे नुसती फरशी होती, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा टीव्ही.

"मोडला फ्लॅट," वॉचमन म्हणाला. "सगळी घरं विकली गेली ना. जाहिरात काय जोरात चालली!"

मी फरशीच्या मधोमध उभी राहून 'कट' म्हटलं. पत्र्यावरून ते माझ्याकडेच परत आलं.

घरी परतले. दुपारचे तीन. पडद्यांच्या फटीतून उजेडाची एक रेघ फरशीवर पडली होती. कपड्यांचा वास होता. दाराशी उभं राहून मी पहिल्यांदाच विचार केला, की ते नक्की कुठं उभं राहत असेल. मग एक खुर्ची ओढून पुढं केली.

"बसा," मी म्हटलं. मग, "बस ना गं."

खुर्ची वाजली नाही. कट झाल्याशिवाय कसं बसणार?

ती खोली उरली नव्हती, पण ते तर इथं होतं. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "हॉल," मी म्हटलं. हात पोटाशी धरून उभी राहिले. मागे गुडघा वाजला, बारा सेकंदांनी पुन्हा. मिनिट संपत आलं तेव्हा माझ्या मानेजवळ कोणीतरी श्वास धरला. परीक्षेचा निकाल ऐकताना धरतात तसा.

"कट," मी मोठ्यानं म्हटलं.

श्वास सुटला. लांब, थकलेला. मग काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे खरंच काही नाही. वास गेला. मी रेकॉर्डर बंद केला, पंखा लावला, तो नुसता पंख्यासारखा वाजला. जुनं मिनिट लावून पाहिलं. त्यात पत्रा होता, लांबचा रस्ता होता, आणि एक मेलेलं घर. वर्षभराचं काम गेलं, हे कळत होतं. पण मी रडले ते त्यासाठी नाही. एक ताट वाढून घेतलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. लग्नानंतर अठराव्या दिवशी जसं वाटलं होतं, तसं वाटलं.

ताट धुतल्यावर, निदान हॉलचं मिनिट नीट आलंय का बघावं, म्हणून हेडफोन घातला.

"हॉल," माझा आवाज. मग मिनिट. मग "कट". मग तो सुटलेला श्वास. दाराकडे जाणारी चार पावलं, अनवाणी. कडीला हात लागल्याचा आवाज.

आणि तिथं, मी बटण दाबायच्या जरासं आधी, कोणीतरी हळूच म्हणालं, "अजून एक घेऊ."

आवाज माझा होता. मी बोलले नव्हते.

पुढे दोन पावलं होती, परत येणारी. मग रेकॉर्डिंग संपलं.

मी हेडफोन काढला. पंखा फिरत होता. मागे, अगदी मागे, कोणीतरी पाय जुळवून उभं राहिलं.