दहा सुया

शनिवारी सकाळी लतीफाबीनं पुढची खोली झाडायला घेतली. चार महिन्यांत पहिल्यांदाच. कापसाचा भुगा पिंजाऱ्याच्या घरातून कधी पुरता जात नाही. झाडूच्या फटकाऱ्यानं तो उठतो, उन्हाच्या तिरिपेत जरा फिरतो आणि पुन्हा होता तिथंच येऊन बसतो. तिनं तीनदा झाडलं, मग नाद सोडला.

कामरगावात गुलाम नबीचं घर कोणीही दाखवलं असतं. पस्तीस वर्षं या खोलीत बसून त्यानं आजूबाजूच्या गावांच्या रजया भरल्या. नवरीच्या, बाळंतिणीच्या, म्हाताऱ्यांच्या. आणि त्याची स्वतःची बायको लतीफाबी मात्र पस्तीस हिवाळे एका विटक्या घोंगडीत कुडकुडत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दर थंडीत ती टोमणा मारायची आणि दर थंडीत तो म्हणायचा, "एवढं गिऱ्हाईक निपटू दे, मंग तुहीच." गिऱ्हाईक कधी निपटत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

यंदा पोळा झाल्यावर, धंदा मंदा असताना, त्यानं लाल फुलांचं कापड आणलं आणि खरोखरच तिची रजई भरायला घेतली. ती अजून तिथंच पसरलेली होती. पाऊणएक शिवून झालेली. शेवटच्या सात ओळी तेवढ्या राहिल्या होत्या.

त्या का राहिल्या, ते लतीफाबीनं कोणालाच सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

गुलाम नबीच्या नजरेला दहा वर्षांपासून सुईचं नेढं दिसत नव्हतं. टाका मात्र अजून सरळ पडायचा. हाताला सगळं पाठ होतं. म्हणून रोज सकाळी लतीफाबी त्याच्या दहाही सुया ओवून भिंतीवरच्या छोट्या उशीला टोचून ठेवायची. एका सुईत एक ओळ. दहा संपल्या की तो आतल्या पडद्याकडे तोंड करून म्हणायचा, "लतीफा, सुई ओव." दिवसातून दोनदा, तीनदा. त्या दिवशी ती भाकरी थापत होती. हात पिठात, तवा तापलेला, वरून सकाळी कशावरून तरी तणतण झालेली. ती आतूनच ओरडली, "हात भरले आहेत माहे. एक दिवस तुमचं तुमी ओवा!"

चार भाकरी झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली. तो त्या लाल कापडावर कुशीवर पडला होता. दोऱ्याचं टोक ओल्या ओठांत धरलेलं होतं. दुसऱ्या हाताची चिमूट मिटलेली होती, पण त्या चिमटीत सुई नव्हती. नंतर बायांनी चटई झटकली, कापूस चाचपला. त्याच्या अंगठ्याच्या दाबानं मधोमध वाकलेली दहावी सुई काही सापडली नाही.

तेव्हापासून ती इद्दतीत होती. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घर सोडायचं नाही. साधे कपडे, साधं खाणं, पाच वक्ताची नमाज. पुढच्या शुक्रवारी ते दिवस पुरे होणार होते. मालेगावहून मुलगी तहसीन आणि जावई इमाद गाडी घेऊन तिला न्यायला येणार होते. मग घराला कुलूप लागणार होतं.

झाडून झाल्यावर तिनं उशीची धूळ झटकली. नऊ सुया. आपल्याला तरी दिसतं का अजून, म्हणून तिनं एका सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. तिला रडू फुटलं. एवढंच तर काम होतं, दोन मिनिटांचं! सुई तशीच उशीला टोचून ती अंगणात गेली.

दुपारी शेजारची भागिरथाबाई तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आली. या दोघी तीस वर्षांपासूनच्या शेजारणी. एकीकडे ईदचा शिरखुर्मा, दुसरीकडे चौदा एप्रिलची खीर, मधली भिंत नावालाच. उन्हात बसून दोघींनी शेंगा सोलून सोले काढले. भागिरथाबाई सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि लतीफाबी हूं हूं करत होती. पाणी प्यायला भागिरथाबाई आत गेली ती पुढच्या खोलीच्या दारात थबकली.

"काय वं लतीफाबी, रजई शिवाले घेतली काय?"

"नाई बा. काहून?"

"मंग ही वळ ताजी दिसून राह्यली..."

लतीफाबी उठून पाहायला गेली. राहिलेल्या सात ओळींतली पहिली पुरी झाली होती. टाका त्याचाच, किंचित डावीकडे झुकलेला. उशीवरची सुई रिकामी होती. ओळीच्या शेवटी दोरा कात्रीनं कापलेला नव्हता, दातानं तोडलेला होता. तिनं ते टोक दोन बोटांत धरलं. ते ओलं होतं.

"मीच घातली असन," ती म्हणाली. "आजकाल ध्यान राहत नाही, बाई."

भागिरथाबाईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सोल्यांची परात उचलून ती चुलीपाशी नेऊन ठेवली.

खरं सांगायचं तर लतीफाबीला भीती वाटली होती. तोंडातून आपोआप दुवा सुटली होती. पण रविवारी सकाळी ती पांघरुणातून उठली, तोंड धुतलं, चहाचं आधण ठेवलं आणि हातानं आपलं आपण उशीवरची एक सुई काढून ओवली. एकच. बाकीच्या आठांना हात लावला नाही. ओळी सहा उरल्या आहेत हे तिनं मोजलं होतं. सगळ्या ओवल्या तर एका दिवसात रजई संपेल, आणि रजई संपल्यावर त्याला यायला कारण काय उरणार? नऊ सुयांची मालकीण कधी नव्हे ती चिक्कू झाली.

आठवडा तसा शांतच गेला. थंडी वाढली. सकाळी अंगणातली बादली हाताला चावायची. ती चुलीवर पाणी तापवायची, सोल्यांची आमटी करायची, भिंतीला टेकून ऊन खायची. आणि रोज दुपारी जोहरच्या नमाजेनंतर आतल्या खोलीत पडद्याकडे पाठ करून बसायची. मग थोड्या वेळानं पलीकडून आवाज यायचे. कापूस सारखा करणाऱ्या तळव्याची थाप. जाड कापडातून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याचा सर्र आवाज. घरात नव्या कापसाचा, सरकीचा वास दाटायचा आणि त्याच्या खाली आणखी एक वास असायचा, नांगरल्यानंतर पाऊस पडलेल्या काळ्या मातीचा. तिनं पडदा एकदाही सारला नाही. पाहिलं तर तो थांबेल, असं तिला वाटायचं. ती नुसती ऐकायची. रोजच्या त्या पाव तासासाठी तिचा जीव टिकून होता, असं म्हटलं तरी चालेल.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी तहसीनचा फोन आला.

"अम्मी, कपडे बांधून ठेव. शुक्रवारी जुम्म्यानंतर निघू आपण."

"मी नाई येत, बेटा."

"काहून? एकटी काय करशीन तिथं?"

"एकटी..." लतीफाबी म्हणाली आणि तिची नजर पडद्याकडे गेली. तहसीननं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गरम कपडे घालत जा म्हणून फोन ठेवला.

दोन ओळी उरल्या होत्या. लतीफाबीनं रात्रभर घोंगडीत कूस बदलत विचार केला आणि गुरुवारी सकाळी एकही सुई ओवली नाही. दोन ओळी राहू देत तशाच. अर्धवट काम टाकून तो जाणारा माणूस नव्हता.

दुपारी ती भाकरीचं पीठ मळायला बसली. नमाज झाली होती. पलीकडे तळव्याची थाप पडली, एकदा, दोनदा. मग थांबली. सुई उशीतून उपसल्याचा बारीक आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

मग ओठांचा आवाज आला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून पिळल्याचा. आणि एक छोटा सुस्कारा, नेम चुकल्यावर निघतो तसा. पुन्हा ओठांचा आवाज. पुन्हा सुस्कारा. पुन्हा... पुन्हा... पुन्हा...

लतीफाबीचे हात परातीत तसेच थिजले. एक दिवस तुमचं तुमी ओवा, असं ती म्हणाली होती ना! तो तिचं ऐकत होता. न दिसणाऱ्या डोळ्यांनी, त्या थंडीत, एकटा बसून तो आपलं आपण ओवायला बघत होता. त्या दिवशीही त्यानं असंच बघितलं असेल. चार भाकऱ्या होईस्तोवर.

"लतीफा..." पडद्याआडून आवाज आला. दबलेला, विनवणीचा. "सुई..."

"आली... आली मी..." ती धडपडत उठली. हात पिठानं भरलेले होते, ते तिनं धुतले नाहीत. पडदा सारला पण नजर वर केली नाही. तिला फक्त लाल फुलं दिसली आणि त्यांच्यावर माणूस बसल्यावर पडतो तसा खोलगट दाब. तिनं पिठाळ बोटांनी एक सुई ओवली. मग दुसरी. डोळ्यांतल्या पाण्यामुळे नेढं दोनदोनदा दिसत होतं. दोन्ही सुया तिनं हाताच्या तळव्यावर ठेवून पुढं धरल्या.

"माफ करा मले," ती म्हणाली. "लय वाट पाहाले लावली तुमाले. घ्या. पुरी करा... अन् जा आता."

थंडगार बोटांनी तिच्या तळव्यावरच्या सुया उचलल्या. बोटांची टोकं खरबरीत होती. पस्तीस वर्षांची ओळखीची.

संध्याकाळपर्यंत रजई पुरी झाली. त्या रात्री लतीफाबी ती पांघरून झोपली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

शुक्रवारी तहसीन आली, आईच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. आई निमूट तयार झालेली पाहून तिला नवल वाटलं. रजईची घडी घालताना ती मध्येच थांबली.

"अम्मी, यात सुई राहिली वं. टोचली असती ना रात्री!"

लतीफाबीनं उशीकडे पाहिलं. नऊच्या नऊ सुया जागेवर होत्या. तहसीनच्या हातातली दहावी होती. मधोमध जराशी वाकलेली, त्याच्या अंगठ्याच्या दाबानं वाकली होती तशीच. गंज चढलेली. तिच्या नेढ्यात काळी माती गच्च भरलेली होती.

"फेकून देऊ?"

"आण इकडं."

तिनं ओढणीच्या पदरानं नेढं साफ केलं. माती ओलसर होती. मग तिनं रिळाचा दोरा घेतला, टोक ओठांत ओलं केलं आणि सुई ओवली. तहसीन बघतच राहिली.

"आता कायले ओवतं?"

"मागतली तर..." लतीफाबी म्हणाली. "मांगं एक डाव नाई म्हटलं होतं मी."

तिनं सुई रजईच्या कोपऱ्याला टोचून ठेवली. भागिरथाबाई फाटकापर्यंत आली, तिनं लतीफाबीचा हात हातात घेतला. कुलूप लागलं. गाडीत मागच्या सीटवर लतीफाबी मांडीवर रजई घेऊन बसली. बाहेर तुरीची शेतं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, पांढरं ऊन. गाडीच्या काचा बंद होत्या. हायवेच्या गुणगुणीत तिचा डोळा लागला.

शेलूबाजारला इमादनं गाडी थांबवली.

"अम्मी, चहा पिता ना? उतरा जरा, पाय मोकळे होतीन."

ती उठायला गेली आणि अडकली. कोणीतरी ओढणी धरल्यासारखं झालं. तिनं मांडीकडे पाहिलं. कोपऱ्यातली सुई रिकामी होती. तिच्या ओढणीचा काठ रजईच्या काठाला शिवलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक, सारख्या, किंचित डावीकडे झुकलेल्या टाक्यांनी.

"अम्मी?" तहसीननं दार उघडून वाकून विचारलं. "काय झालं? उतर ना."

"तुमी प्या, बेटा," लतीफाबी हळूच म्हणाली. "मी बसतो इथंच..."

तहसीन गेली. लतीफाबीनं ओळीच्या शेवटी लोंबणारं दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरलं. ते अजून ओलं होतं.