थर्मनचा ठेका

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं वय झालंय. या वयात कुणाला घाबरवून मला काय मिळणार? जे माझ्यासमोर झालं, माझ्या या हातांनी झालं, तेवढंच सांगते.

आणि एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

भरदुपारची आहे. मेम्फिस, ऑगस्ट १९७३.

आमचा स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढलेल्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. खिडकी एकही नाही. गायक यायचे आणि जायचे, फोटो त्यांचे छापून यायचे. वाजवणारे मात्र आम्ही तेच चौघं. ड्रमवर थर्मन. बेस गिटारवर माझा थोरला भाऊ होझिया. गिटारवर लूशस. आणि ऑर्गनवर मी, अर्नेस्टीन; सगळे मला टीनी म्हणायचे. घरोघरच्या रेडिओवर दिवसभर आम्हीच वाजत असायचो, पण आमची नावं आमच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

थर्मन आणि होझियाचं काही वेगळंच होतं. एकमेकांकडे न बघता वाजवायचे आणि एकाच वेळी श्वास घ्यायचे. लूशस त्यांना नवरा-बायको म्हणून चिडवायचा.

त्या मार्चमध्ये थर्मन गेला.

स्टुडिओतच गेला. सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होता. एका गाण्याचा टेक झाला, म्हणजे एकदा वाजवून रेकॉर्ड झालं, आणि तो म्हणाला, "तुम्ही जेवून या. मी बसतो जरा." आम्ही कोपऱ्यावर सँडविच खाल्लं, परत आलो...

तो ड्रमच्या स्टुलावरच होता. डोकं भिंतीला टेकलेलं. काठ्या हातात.

नंतर कुणीतरी त्या ड्रमवर चादर टाकली. ती काढायला कुणाचा हात धजावला नाही. काही काम आलं की दुसऱ्या ड्रमवाल्याला त्याचे ड्रम घेऊन बोलवायचे.

ऑगस्टमध्ये मालकाने थर्मनचा तो शेवटचा टेक बाहेर काढला. नवा गायक मिळाला होता, त्याला तेच गाणं हवं होतं. मालक म्हणाला, "ड्रम थर्मनचेच ठेवू. असे आता कोण वाजवणार? तुम्ही हेडफोनमध्ये ऐका आणि त्यावर वाजवा."

लूशस भडकला. "मेल्यावरही कामाला लावताय का त्याला? आता तरी सुट्टी द्या की."

मी होझियाकडे बघितलं. पाच महिने तो धड कुणाशी बोलला नव्हता.

"वाजवू या," तो म्हणाला. "मला एकदा त्याच्याबरोबर वाजवायचंय."

लूशसने गिटार गळ्यात अडकवली.

दार लावलं. जाड, गादी ठोकलेलं दार. पंख्यांचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखेही बंद केले. काचेपलीकडच्या खोलीत ड्यूई, आमचा रेकॉर्डिंगवाला, रिळापाशी बसला. त्याने हात वर केला.

आणि हेडफोनमध्ये थर्मन सुरू झाला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच ठेका. थोडासा मागे रेंगाळणारा, जेवण झाल्यावर दुपारी माणूस चालतो तसा. होझियाने डोळे मिटले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

आम्ही वाजवलं. खूप छान वाजवलं. कधी नव्हे इतकं.

तेव्हाची गाणी शेवटी धाडकन थांबायची नाहीत. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहायची आणि रेकॉर्डिंगवाला आवाज हळूहळू कमी करत न्यायचा. मग त्याने हात दाखवला की आपण थांबायचं.

ड्यूईने हात दाखवला.

ड्रम थांबले नाहीत.

मला वाटलं, रीळ अजून शिल्लक असेल. मी काचेकडे बघितलं...

रीळ संपलं होतं. रिकामी चकती गरगर फिरत होती. फितीचं सुटं टोक फटाफट आपटताना दिसत होतं. ड्यूई उभा राहून दोन्ही हात हलवत होता, तोंडाने काहीतरी ओरडत होता.

आणि माझ्या कानात थर्मन वाजवत होता.

आता थांबावं, मी मनाशी म्हटलं.

हात उचलेनात.

कुणी धरले होते असं नाही. जड झाले होते असंही नाही. मला थांबायचं होतं, आणि बोटं पुढच्या सुरावर जात होती. बस्स.

"टीनी!" लूशस ओरडला. "बास झालं, थांब ना!"

"तू का थांबत नाहीस मग?"

त्याने नुसतं आपल्या हाताकडे बघितलं. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

दार हलायला लागलं. पलीकडून ड्यूई आणि मालक जोर लावत होते. एरवी एका बोटाने उघडणारं दार, पण जागचं हलत नव्हतं. उकाड्याने जीव गुदमरत होता. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

मग अंधार झाला.

ड्यूईने मेन स्विच पाडला होता. माझा ऑर्गन मुका झाला. बोटं मात्र चालूच. पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू येत होती. वीज नाही, म्हणजे हेडफोनही मेलेले...

ठेका चालूच होता.

"टीनी..." अंधारातून लूशसचा आवाज आला. अगदी हळू. "माझे हेडफोन मघाशीच पडले गं. तरी ऐकू येतंय."

मी मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागले. तेही ठेक्यात यायला लागलं, तसं मी तोंड मिटलं.

थोड्या वेळाने दिवे लागले. मला त्या कोपऱ्याकडे बघायचं नव्हतं. पण मान वळली.

चादर जागच्या जागी होती. स्टूल रिकामं होतं.

फक्त चादर मध्येच खाली दबत होती... वर येत होती... पुन्हा दबत होती...

तेवढ्यात टण्णकन लूशसची तार तुटली. मग दुसरी. तिसरी. तो इतक्या जोरात वाजवत होता की बघता बघता सगळ्या तारा गेल्या, आणि वाजवायला काही उरलं नाही तसा त्याचा हात सुटला. गिटार फेकून तो माझ्याकडे धावला आणि खांद्याने धक्का देऊन मला बाकावरून खाली पाडलं. माझी बोटं जमिनीवर थोडा वेळ हलत राहिली. मग शांत झाली.

उरला होझिया.

बेस वाजवणाऱ्याची बोटं चामड्यासारखी असतात. त्याच्या बोटांतून रक्त गळत होतं. पण चेहऱ्यावर भीती नव्हती.

"लूशस, मला हात लावू नकोस," तो म्हणाला. "तुम्ही दोघं निघा. कुणीतरी थांबायला हवं त्याच्याजवळ."

"वेडा आहेस का?" मी रडत ओरडले. "आईला काय सांगू मी?"

"सांग, कामावर आहे."

हे तो हसून म्हणाला, बरं का. आपला नेहमीचा होझिया बोलावा तसा.

लूशसने ऐकलं नाही. त्याने बेसचा पट्टा ओढून काढला, बेस खाली आदळला. आम्ही दोघांनी होझियाला काखेत धरून फरफटत दाराशी नेलं. मी मुठीला हात लावला...

दार सहज उघडलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. एक बाई टोपलीत पीच घेऊन चालली होती. आम्ही तिघं फुटपाथवर बसलो, धापा टाकत. ड्यूई पांढराफटक पडला होता. "कसले ड्रम?" तो म्हणाला. "माझ्याकडे तुम्ही तिघंच ऐकू येत होतात. रीळ संपल्यावर ड्रम नव्हतेच."

तेव्हा माझं लक्ष गेलं. होझियाची टाच फुटपाथवर आपटत होती. त्याच ठेक्यात.

"आता थांब ना रे," मी म्हटलं. "आपण बाहेर आलोय."

त्याने माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाला, "हळू बोल. त्याला कळलेलं नाही. जोवर हा पाय चालू आहे, तोवर त्याला वाटतंय, आपण आतच आहोत."

होझियाने पुन्हा कधी बेस हातात घेतला नाही. टपाल खात्यात लागला. पाय मात्र थांबला नाही. जेवताना, चर्चमध्ये, बँकेच्या रांगेत. टाच पलंगाच्या पायाला लागते म्हणून त्याची बायको दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. डॉक्टरांनी नसांचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. तो थिएटरचा सांगाडाही पुढे पाडला. आता तिथे नुसतं गवत आहे. मी होझियाला म्हटलं, "ती खोलीच राहिली नाही आता. मग तो कुठे असणार?"

"तेच तर," तो म्हणाला.

१९९१ साली तो हॉस्पिटलमध्ये गेला. मी उशाशी बसले होते. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं, पण पांघरुणाखाली टाच हलत होती. मग ती मंद झाली. त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग खाली, माझ्या पायांकडे बघितलं.

आणि टाच थांबली.

खोलीत एकदम शांत झालं...

पुढे काय ऐकू येतं, त्याची मी वाट बघितली नाही. मी माझी टाच फरशीवर आपटायला सुरुवात केली.

तेव्हापासून आपटतेच आहे. आताही, हे सांगताना. गुडघा पार गेलाय. लूशस असेपर्यंत रात्री येऊन बसायचा, मी झोपले की माझ्या पायाकडे लक्ष ठेवायचा. तोही मागच्या हिवाळ्यात गेला.

झोपेत माझा पाय चालू असतो की थांबतो, मला माहीत नाही.

मी एकटी राहते. सांगणारं कुणी नाही.