ओतारच्या शेजारचं ताट

सकाळी बिमुर्झा फावडं खांद्यावर टाकून उतारावर चढला, ते नेहमीच्याच कामाला. बर्फात खड्डा खणायचा, थर बघायचे आणि खालचा रस्ता उघडायचा की नाही ते सांगायचं. खाली गावाकडे जाणारी बस खोळंबली होती. आज लिपानालीची संध्याकाळ. दिवेलागणीला घरोघरी मेलेली माणसं जेवायला येणार, आणि त्यांची ताटं मांडायला घरचं माणूस हवं. बसमधले सगळे कावले होते.

"अरे, बर्फ तपासतोयस की मुलगी पसंत करतोयस?" खालून तारिएल ओरडला. रस्त्याचा मुकादम तो, बुलडोझरही तोच चालवायचा.

बिमुर्झाने बर्फाचा चौकोनी खांब कापला, वर फावडं आडवं ठेवलं आणि थापा मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून. खांब हलला नाही. बर्फ टणक होता. हो म्हणायला आता हरकत नव्हती. तेवढ्यात खड्ड्याच्या भिंतीत त्याला एक खोबण दिसली.

तोंडाएवढी खोबण, आतून काचेसारखी गुळगुळीत. असली खोबण बिमुर्झाने आधी एकदा पाहिली होती. गाडलेला माणूस श्वास घेत राहिला, की त्याच्या तोंडापुढचा बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो. जितका वेळ श्वास, तितकं कवच जाड. त्याच्या धाकट्या भावाच्या, ओतारच्या, तोंडापुढचं कवच बोटभर निघालं होतं. याच उताराखाली. त्या दिवशी तारिएलने ओतारला उकरायच्या आधी रस्ता मोकळा केला होता. 'तो कधीच गेला असेल, आता घाई कसली,' म्हणाला होता. गाव ते विसरलं. बिमुर्झा विसरला नव्हता, आणि विसरणारही नव्हता.

पण यंदा या उतारावरून बर्फ सुटलाच नव्हता. इथे कुणीच गाडलं गेलं नव्हतं. त्याने हातमोजा काढून खोबणीत बोट घातलं. आत ओल होती… आणि ऊब होती.

वाट पाहून वैतागलेला तारिएल धापा टाकत वर आला. "काय रे, भूत बघितलंस?"

बिमुर्झाने नुसतं बोट दाखवलं. तारिएल वाकला, हसला, आणि थट्टा म्हणून त्याने खोबणीत तोंड घातलं. नाक बसलं, कपाळ बसलं, हनुवटीवरच्या जुन्या व्रणाची खाचसुद्धा बरोबर बसली.

"माझ्याच मापाचं शिवलंय की!" आतून घुमल्यासारखा आवाज आला. तोंड बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मिशा ओल्या होत्या.

"आत कुणीतरी…" तो पुटपुटला. "जाऊ दे. तुझा बर्फ काय म्हणतो?"

"टणक आहे," बिमुर्झा म्हणाला. "बस सोड."

ते खोटं नव्हतं. खोबणीबद्दल जे कळलं होतं ते मात्र त्याने गिळलं, आणि त्याची चव त्याला गोड लागली, याची त्याला लाजही वाटली नाही.

बस गेली. मागोमाग तारिएलचा बुलडोझर गेला. उतारावरून चिमूटभरही बर्फ हलला नाही.

संध्याकाळी आईने मेलेल्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं. मेणबत्तीचा आणि मांस भरलेल्या गरम भाकरीचा वास थंडीत मिसळत होता. ओतारच्या ताटाशेजारी आणखी एक रिकामं ताट होतं.

"आई, हे कुणाचं?"

"ओतार एकटा नाही आला. कुणाची तरी वाट बघतोय म्हणाला…"

उघड्या दारात तारिएलची बायको मक्वाला उभी राहिली. डोक्यावर रुमाल बांधायचंही तिला सुचलं नव्हतं.

"भावजी, चला… हे चुलीपाशी बसलेत, आणि तोंडावर बर्फ चढतोय… फोडला तरी पुन्हा धरतो. छाती हलतेय अजून. बर्फातलं तुम्हालाच कळतं…"

"किती जाड?"

"बोटभर होत आलाय…"

बिमुर्झाने भिंतीला टेकवलेल्या फावड्याला हात घातला. आईने ओतारच्या खुर्चीकडे कान दिला, मान डोलावली.

"बस रे पोरा," ती हळूच म्हणाली. "ओतार म्हणतोय, आता घाई कसली."

बिमुर्झाचा हात फावड्यावरच राहिला.