राणी, बारकी आणि पानखाऊ

ऐक ना, हातातलं ते ठेव आधी आणि नुसतं ऐक! मध्ये बोलायचं नाही, नाहीतर माझा धागा तुटतो.

चिखलदऱ्याच्या वेणूची गोष्ट आहे. वर्ष कुठलं ते विचारू नकोस, ते अजून यायचंय. तर तिथे पठारावर एक थंडघर होतं. काचेचं, शाळेच्या मैदानाएवढं मोठं, आणि आत चक्क यंत्रानं हिवाळा बनवायचे! कारण आतमध्ये होती चेरीची झाडं. चेरीला कडाक्याची थंडी मिळाली नाही ना, तर ती फुलतच नाही. घरटी एक झाड, आणि प्रत्येक घरानं आपापल्या झाडाचं बारसं केलेलं. चंपाकाकूंची 'लाडी', सरपंच गुणवंतभाऊंचा 'पैलवान', आणि सगळ्यात जुनी, सगळ्यात टपोऱ्या फुलांची 'राणी'. राणी इंदूआत्याची. इंदूआत्या म्हणजे वेणूच्या बाबांची बहीण. थंडघर तीच सांभाळायची.

आता कोडं बघ. दरवर्षी झाडं अशी फुलायची की फांदी दिसायची नाही. पांढरंशुभ्र सगळं! मधमाश्या सोडलेल्या, त्या दिवसभर गुणगुण करत या झाडावरून त्या झाडावर. आणि मग? मग फुलं गळायची, मागचे हिरवे ठिपके पिवळे पडून झडायचे, आणि चेरी किती? एकही नाही! खत बदललं, पाणी बदललं, नव्या मधमाश्या आणल्या. काही फरक नाही.

त्या वर्षी झाडांना कळ्या धरल्या आणि ग्रामसभेत गुणवंतभाऊ उभे राहिले.

"काऊन वो इंदूबाई, हे थंडघर हाय का लग्नाचा मांडव? नुसती फुलंच फुलं! पंगत कधी वाढता?"

सगळे हसले. आत्याही हसली, पण वेणूनं पाहिलं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी ठरलं असं, की या बहराला फळ धरलं तर ठीक. नाही धरलं तर झाडं काढायची आणि तिथे पर्यटकांना घसरायला बर्फाचं मैदान करायचं. म्हणजे आत्याची सगळी झाडं लाकूड होणार!

मग आत्यानं शहरातल्या प्रयोगशाळेतून एक यंत्रमानव मागवला. गुडघ्याएवढा, सहा पायांचा, आणि पुढे चिमट्यासारखं तोंड. आला तसा त्यानं लाडीचं एक पान तोडलं आणि गिळलं!

"अगंबाई, माझ्या लाडीचं पान खाल्लं मेल्यानं!" चंपाकाकू ओरडल्या. झालं, त्याचं नाव पडलं पानखाऊ.

"मला क्षमा करावी," पानखाऊ अगदी अदबीनं म्हणाला. "मी खात नाही. मी वाचतो."

"पान वाचतोस? त्यावर काय लिहिलंय?" वेणूनं विचारलं.

मग त्यानं सांगितलं, आणि हे नीट ऐक हं, इथेच सगळी गंमत आहे. फुलाच्या मधोमध एक बारीक दांडी असते ना, तिचं टोक म्हणजे कुक्षी (परागकण येऊन चिकटतात ती जागा). पराग तिथे बसला की त्याला एक नळी फुटते. ती नळी दांडीतून खाली खाली सरकत पार तळाशी बीजांडापर्यंत (जिथून बी तयार होते तिथपर्यंत) जाते. ती पोहोचली तरच फळ. पण चेरीची दांडी भलती कडक! तिच्यात एक जनुक असतं (जनुक म्हणजे आईबाबांकडून आलेली, शरीर कसं घडवायचं याची सूचना). या जनुकाचे खूप प्रकार आहेत, शास्त्रज्ञांनी त्यांना सरळ आकडेच दिलेत. प्रत्येक झाडाकडे दोन आकडे असतात. परागकणाकडे मात्र दोनातला एकच. येणाऱ्या परागाचा आकडा दांडीच्या दोन आकड्यांपैकी एखाद्याशी जुळला, की दांडी त्याची नळी अर्ध्या वाटेत मारून टाकते.

"म्हणजे जुळला तर चालत नाही? उलटंच की!" वेणू म्हणाली.

"उलटं कसलं?" चंपाकाकूंनी पदर खोचला. "आपल्यात नाही का, देवक एक निघालं की सोयरीक मोडते. (देवक म्हणजे कुळाचं पूजेचं झाड किंवा वस्तू, माहितीय ना तुला?) भाऊबहीणच मानतात मग ते."

"अत्यंत समर्पक उदाहरण," पानखाऊ म्हणाला. "माणसांत तो रिवाज आहे. चेरीत तो पहारा आहे. स्वतःचा पराग तर हमखास परत."

काकू अशा फुलल्या म्हणून सांगू!

मग पानखाऊनं प्रत्येक झाडाचं पान घेतलं. त्याच्या पोटात पानाचा चोथा होतो, त्यातून जनुकांचा धागा वेगळा निघतो, आणि हव्या त्या तुकड्याच्या लाखो नकला होतात. मग त्या नकला जेलीच्या एका थरात विजेच्या ओढीनं पळायला सोडायच्या. आखूड तुकडे भराभर पुढे जातात, लांब तुकडे मागे रेंगाळतात. वेगळा आकडा, वेगळी लांबी, म्हणून वेगळ्या ठिकाणी रेघ! दोन आकडे, दोन रेघा. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. फळाची वाट बघायची गरजच नाही, एक पान बास.

लाडी आली, तीन आणि सहा. पैलवान, तीन आणि सहा. राणी, तीन आणि सहा. पुढचं तीन-सहा, त्याच्या पुढचंही तीन-सहा!

"हे मशीन काय करून राहिलं?" गुणवंतभाऊ म्हणाले. "एकच पाढा घोकून राहिलं. बिघडलं असंन."

पण आत्यानं पुढे येऊन पडद्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"बिघडलं नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं. पहिल्या वर्षी वेगवेगळी झाडं आली होती ना, ती एकेक करून वाळली. राणी तेवढी जगली. मग ज्याला त्याला राणीचीच फांदी हवी. मी हौसेनं वाटत गेले, घरोघरी कलमं बांधून दिली. ही झाडं वेगळी नाहीतच. ही सगळी राणीच आहे!"

कळलं का तुला? सगळ्या गावानं वेगवेगळी नावं ठेवली, बारशी केली, पण होतं एकच झाड! आणि राणीचा पराग राणीला चालत नाही. मधमाश्या बिचाऱ्या दिवसभर त्याच घरातून त्याच घरात निरोप नेत होत्या.

"दुसऱ्या आकड्याचा पराग हवा," पानखाऊ म्हणाला. "आणि लवकर हवा. फुलं उमललीत. ती थांबणार नाहीत. सर्व झाडे झाली का?"

"झाली," भाऊ म्हणाले.

"नाही झाली!" वेणू ओरडली. "बारकी राहिली!"

बारकी म्हणजे वेणूचं झाड. कलम बांधताना खाली रानटी चेरीचं रोप असतं, त्याला म्हणतात खुंट, आणि वर चांगल्या झाडाची फांदी जोडतात. वेणूच्या कलमावरची राणीची फांदी वाळून गेली आणि खालचा खुंटच फोफावला. सगळे म्हणायचे, छाट ते, नवी फांदी बांध. वेणूनं छाटलं नाही. जगायचं म्हणतंय तर जगू दे, एवढंच तिचं म्हणणं. बारकी कोपऱ्यात दोन खांबांच्या मागे उभी होती, आणि त्याच वर्षी तिला पहिल्यांदा फुलं आली होती. बोटाच्या पेराएवढी!

पानखाऊनं बारकीचं पान गिळलं. सगळे पडद्याला डोळे लावून. पहिली रेघ उमटली... तीनवर! राणीचाच आकडा! कोणीतरी "हं, संपलं" म्हणालं. वेणूनं डोळेच मिटले. तेवढ्यात आत्यानं तिचा दंड असा आवळला ना! दुसरी रेघ भलतीकडेच आली होती. बारा!

"तीनचा पराग परत जाईल," पानखाऊ म्हणाला, "पण बाराचा आत जाईल. निम्मा पराग चालेल. प्रत्येक फुलाला एकच चांगला कण पुरतो."

वेणूनं आनंदानं उडीच मारली! पण भाऊ मध्ये आले.

"थांबा थांबा. मी त्या झाडाचं पान चाखलं हाय, कडू जहर! अशा झाडाचा पराग माझ्या पैलवानाले लावता? मंग चेरी कडू नाही का होणार? लोकं थुंकतीन!"

आणि वेणू काय म्हणाली असेल?

"भाऊ, तुमचा मोहित अगदी तुमच्यासारखा दिसतो. पण तो पोटात होता तेव्हा काकींना मिशा आल्या होत्या का?"

बाप्पा, जे हसलेत सगळे! गुणवंतभाऊ स्वतः मिशीवर हात फिरवत हसायला लागले.

"अगदी योग्य," पानखाऊ म्हणाला. "चेरीचा गर आईच्या झाडाचा. बापाचा वाटा फक्त आतल्या बीत. गर गोडच राहील."

मग काय! बारकी कोपऱ्यात, तिथे मधमाश्या फारशा जायच्या नाहीत, म्हणून पराग हातानंच काढायचा ठरला. त्यासाठी बारकीची फुलं तोडावी लागणार होती, जवळजवळ सगळी. आत्यानं वेणूकडे पाहिलं. वेणूला रडू येत होतं, पण पहिली फांदी तिनंच वाकवून धरली. फुलांतले पिवळे परागकोश वाळवले, त्यांची पूड केली, आणि सगळं गाव मऊ कुंचले घेऊन शिड्यांवर! चंपाकाकू प्रत्येक फुलाला "नांदा सौख्यभरे" म्हणत कुंचला लावायच्या.

पाकळ्या गळल्या. हिरवे ठिपके राहिले... पिवळे पडले नाहीत... फुगायला लागले! वाटाण्याएवढे झाले, मग बोराएवढे, मग एके दिवशी वेणू शाळेतून आली तर पैलवानावर लालभडक घोसच घोस! गुणवंतभाऊ त्याच्याखाली उभे, तोंडात दोन चेऱ्या, आणि ओरडून राहिले, "इंदूबाई! साखर हाय वो, साखर! बर्फाचं मैदान गेलं उडत!"

थंडघर राहिलं! आत्या हसतही होती आणि डोळेही पुसत होती. कोणीतरी ढोलकी आणली. पानखाऊला चेरी देऊ केली तर म्हणाला, "मी पानेच घेतो."

आणि आता शेवटचं. थंडघरात एका झाडापुरती जागा रिकामी होती. सगळ्यांनी ठरवलं, ती वेणूला द्यायची. गुणवंतभाऊ म्हणाले, राणीची फांदी लाव, हमखास गोड फळ येईल. पण वेणूच्या तळहातावर चेरी खाऊन उरलेली एक बी होती. राणी आणि बारकी, दोघींची. तिच्यातून येणारं झाड जगात आजवर कुठेच नव्हतं. त्याला कदाचित सहाबरोबर बारा येईल, कदाचित तीनबरोबर बारा. ते गोड निघेल की कडू, कोणालाच माहीत नाही, पानखाऊलासुद्धा नाही, आणि फळ यायला वेणूला मोठं व्हावं लागणार.

तिनं बोटानं माती उकरली आणि बी आत ठेवली.

तू तिच्या जागी असतास किंवा असतीस, तर? खरं सांग हं, तू काय लावलं असतंस?