वारुळापुढचा फोटो

आधीच सांगतो, ज्याला पटायचं नसेल त्याने इथेच थांबावं. मी वाद घालणार नाही. हे माझे आजोबा सुंदरराव यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे, आणि त्यातल्या दोन काचा आजही माझ्या घरात आहेत.

गाव आमचं, चकलांब्याच्या शिवाराला लागून. राज्य निजामाचं. दिवस नागपंचमीच्या आधीचा, वेळ उन्हं कलतानाची.

रात्र नव्हती. लख्ख उजेडात घडलं, हेच मला जास्त खुपतं.

आजोबांचे थोरले भाऊ मोहनराव. शेत गडी बघायचे आणि यांना नाद फोटोचा. हैदराबादेहून तीन पायांचा पेटी कॅमेरा आणलेला. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा. बाकीचे जमीनदार बंदूक घेऊन रानात जायचे, हे घरामागच्या परसात कॅमेरा लावून बसायचे. खार, मुंगूस, होले, भारद्वाज. फोटो सुरेख काढायचे, ते मी नाकारत नाही.

परसात धुण्याचा मोठा दगड होता. पलीकडे लिंबाखाली वारूळ. घरातल्या बायका पंचमीला तिथेच लाह्या-दूध ठेवायच्या, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे.

एका श्रावणात मोहनरावांची बायको केसरबाई त्या दगडावर उभी राहून धुणं पिळत होती. मोहनराव मुंगसाची वाट बघत कॅमेऱ्यामागे बसले होते. आणि वारुळातून नाग निघाला…

"केसर, हलू नको," मोहनराव म्हणाले.

तिला वाटलं, नवरा काठी घेऊन येतोय. ती हलली नाही.

काठी त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी काळ्या कापडात डोकं घालून नेम धरला. काच चढवली. भिंगावरचं टोपण काढलं आणि सावकाश आकडे मोजले.

वाऱ्याने पदर हलला…

आणि नाग डसला.

सुंदरराव गेवराईहून परतले तेव्हा वहिनीच्या तोंडाला फेस आला होता. दिराला बघून ती एवढंच बोलली, "भावजी, हे हलू नको म्हणले. मी न्हाई हलले."

फोटो मात्र फार नामी आला. मोहनरावांनी तो बीडला नेऊन बड्या लोकांना दाखवला, सगळ्यांनी वाहवा केली. मग तो बैठकीत टांगला. येणारा-जाणारा नागाचा फणा बघायचा. दगडावर उभ्या बाईच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं.

मला विचाराल तर तो खून होता.

वर्ष सरायच्या आत दुसरी बायको आली, मुक्ताबाई. आमच्याकडे दुसरेपणाच्या बाईने गळ्यात सवतीची चांदीची पुतळी घालायची रीत होती. मेलेल्या पहिलीचा मान म्हणून. नवं लुगडं आधी पुतळीला दाखवायचं, मग नेसायचं. मुक्ताबाई हे मनापासून करायची. रोज आंघोळीनंतर पुतळीला कुंकू लावून म्हणायची, "आक्का, सांभाळा."

त्यानंतर परसात काहीतरी बिघडलं.

मोहनराव फोटो काढायचे, पण काचेवर पाखरू उमटायचंच नाही. होला समोर बसलेला असायचा, काचेवर नुसती फांदी. आणि धुण्याचा दगड प्रत्येक फोटोत ओला…

भर उन्हात काढलेला असला तरी ओला.

दुपारी परसात कुणी नसताना दगडावर धुणं आपटल्याचा आवाज यायचा. थप… थप… आजोबांनी स्वतः ऐकला. बाहेर जाऊन बघावं तर शुकशुकाट.

मोहनरावांनी भिंगाला दोष दिला. त्यांना आता पुन्हा नागाचाच फोटो हवा होता. बीडमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, तसा आणखी एक मिळाला तर हैदराबादला पाठवू. झालं, यांची झोप उडाली.

पंचमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मुक्ताबाईला दगडावर उभं राहायला सांगितलं. तिला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. सुंदररावांनी हातापाया पडून बघितलं. मोहनराव म्हणाले, काठी घेऊन तू उभा राहा, मग तर झालं?

सुंदरराव काठी घेऊन उभे राहिले.

मग मोहनरावांचं लक्ष पुतळीकडे गेलं. चांदी उन्हात चमकत होती. "काढ ते गळ्यातलं," ते म्हणाले. "काच बिघडंल."

मुक्ताबाई म्हणाली, "आक्काला कसं काढू?"

"मेली ती. काढ."

तिने पुतळी काढून पायाशी दगडावर ठेवली. परसातले होले एकदम गप्प झाले…

मोहनराव खुशीत होते. त्यांनी धाकट्या भावाला बोलावून कापडात डोकं घालायला लावलं, बघ म्हणाले कसं दिसतंय. त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. आजोबांना लिंबाचा शेंडा खाली दिसला, बुंधा वर. मुक्ताबाईही डोकं खाली, पाय वर.

आणि तिच्या शेजारी आणखी एक बाई होती.

ती सुलटी उभी होती.

आजोबांनी डोकं बाहेर काढलं. दगडावर मुक्ताबाई एकटी. म्हणाले, "दादा, वैनी हाय तिथं." मोहनराव हसले, त्यांना बाजूला सारलं आणि कापडात शिरले.

वारुळातून नाग निघाला.

"मुक्ता, हलू नको," मोहनरावांचा आवाज आला.

आजोबांनी काठी उचलली. तेवढ्यात त्याच काळ्या कापडातून दुसरा आवाज आला. बाईचा. शांत…

"मुक्ता, तू जा घरात."

आत एकटे मोहनराव होते. आजोबांची काठी हातातून गळाली. मुक्ताबाईने पुतळी उचलली आणि नागाच्या अंगावरून जावं इतक्या जवळून चालत घरात गेली. नागाने फणा वळवलासुद्धा नाही. तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

मग कापडातून तोच आवाज, आणखी हळू…

"तुमी हलू नका."

नाग वारुळात परत गेला. आजोबांनी कापड ओढलं. मोहनराव वाकलेले, डोळे उघडे, अंगावर ओरखडाही नाही. हाक मारली. हलवलं. उचलून खाटेवर ठेवावं लागलं.

ते पुन्हा कधीच हलले नाहीत.

बरीच वर्षं तसेच पडून होते. फक्त डोळे फिरायचे. मुक्ताबाईने त्यांचं सगळं केलं. मुलगी झाली, तिचं नाव तिने केसर ठेवलं. पुतळी मरेपर्यंत गळ्यातून काढली नाही.

एका पंचमीला खोलीची दारं-खिडक्या बंद असताना मोहनराव गेले. पाय काळानिळा, घोट्यावर दोन दातांच्या खुणा. साप कुणालाच दिसला नाही.

आता काचांचं सांगतो.

त्या दिवशी कॅमेऱ्यात काच कुणी चढवली, टोपण कुणी लावून पुन्हा काढलं, आजोबांना कधीच कळलं नाही. टोपण मात्र जमिनीवर पडलं होतं. बीडला एका फोटोवाल्याकडून ती काच धुऊन आणली. तिच्यावर वारूळ आहे, नाग आहे, आणि दगडावर कोट-फेटा घातलेले मोहनराव उभे आहेत. जे त्या वेळी कॅमेऱ्याच्या मागे होते.

घाबरून आजोबांनी केसरबाईची जुनी काच काढली. बैठकीतला फोटोही बघितला.

दोन्हींत दगड रिकामा होता.

ती उतरली होती. त्यांना तिथे उभं करून.

परस अजून आमच्याकडेच आहे, दगडही आहे. मलाही पाखरांचे फोटो काढायचा नाद आहे, रक्तातच असावा. गेल्या श्रावणात दगडावर सुगरण बसली होती. मी मोबाईल धरला, श्वास रोखला. बायको मागून बादली घेऊन येत होती. माझ्या तोंडून सहज निघालं, "हलू नको."

सुगरण उडाली. दगड ओला झाला…

मी बायकोच्या हातातली बादली घेतली आणि तिला आधी घरात पाठवलं. तेव्हापासून परसात मी मोबाईल नेत नाही.