डावीकडची खिडकी

"उजवीकडची खिडकी देते, मावशी. हिमनद्या दिसतील. पाहुणे त्या खिडकीसाठी भांडतात." उत्तर ध्रुवाकडच्या उपर्नाविक गावच्या विमानतळावर तिकिटं बघणारी तुकुम्मे म्हणाली.

"मला डावीकडची हवी," बिबियाने म्हणाली.

"तिकडे काय आहे? नुसता गोठलेला समुद्र." तुकुम्मेने नजर चुकवली. "आपली माणसं हल्ली त्या बाजूला बसत नाहीत."

"मग मोकळीच असेल. दे."

बिबियानेचा नवरा उसाक्काक जानेवारीत कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी घेऊन त्याच बर्फावर शिकारीला गेला, तो परतला नाही. गाडी सापडली नाही, एक कुत्रंही सापडलं नाही. शोधणाऱ्यांनी हात टेकले. आता उत्तरेला कानाक गावी लेकीला मुलगा झाला होता. आठ दिवस तो रडत होता, दूध घेईना. त्याला आजोबाचं नाव हवंय, असं सगळे सांगत. असं नाव मेलेल्याचंच ठेवतात आणि मेलेला त्या नावाबरोबर मुलात येतो. म्हणजे बिबियानेने हो म्हटलं की नवरा मेला. ती हो म्हणणार नव्हती. आधी तो बर्फ तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. हट्टाला पेटली की ती पाद्र्यालाही जुमानत नसे.

विमान उडालं. उजव्या रांगेतून नवऱ्याचा जुना सोबती ओलुफ म्हणाला, "पडदा ओढ, वहिनी."

"तू ओढ तुझा."

तासाभराने खाली उन्हात काळे ठिपके दिसले. तेरा कुत्री, पंख्यासारखी पसरलेली. मागे गाडी, गाडीवर माणूस. अस्वलाच्या कातड्याची त्याची विजार तिने स्वतः शिवली होती. इतक्या उंचावरून ती ओळखू यायला नको होती.

गाडी उत्तरेकडे चालली होती. दहा मिनिटं झाली तरी ती मागे पडली नाही. बर्फावर तिचा माग उमटत नव्हता.

"ओलुफ, बघ. जिवंत आहे."

"बघितलाय मी. दोनदा." ओलुफने डोळे मिटून घेतले. "जिवंत माणूस विमानाला गाठत नाही, वहिनी."

"माझा गाठतो."

मग गाडी विमानाच्या पुढे, कानाकच्या दिशेने निघून गेली.

कानाकला लेक, इनालुक, बाळाला घेऊन विमानतळावरच्या खोलीच्या दारातच उभी होती. बाळ गप्प होतं.

"कधी थांबला रडायचा?"

"अर्धा तास झाला. आपणहून. आई, आता तरी नावाला हो म्हण ना."

"नाही म्हणणार. तो वाटेत आहे. मी पाहिलंय."

बिबियानेने बाळाला कुशीत घेतलं. बाळ टक्क जागं होतं. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण जमले होते.

"बाहेर का फिरवलंस याला?"

"कुठे फिरवलं? घरातून मोटारीत, मोटारीतून इथे."

खोलीत शेगडी धडधडत होती. बिबियानेने अंगठ्याने ते कण पुसले. बाळ तिच्याकडे बघत होतं.

"मागे फिर," ती दरडावून म्हणाली. "तू मेलेला नाहीस."

पापण्या पुन्हा पांढऱ्या होऊ लागल्या.